गुगल स्कॉलर: एका ऑर्गॅनिकवालीचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, आणि हे साडेतीन का ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे कोणाचंही संशोधन कसं आहे हे बघायचं म्हटलं की लोक पहिलं नाव टाकतात ते गुगल स्कॉलरवर, आणि उजव्या कोपऱ्यातला आकडा बघून फोन खिशात घालतात. एवढ्यावर माणसाची किंमत ठरते. मी ऑर्गॅनिक सिंथेसिसमध्ये, म्हणजे कार्बनी रेणू लॅबमध्ये बनवण्यात, पीएचडी केली, आता कॉलेजात एमएस्सीला शिकवते, हातात दोन-तीन विद्यार्थी असतात, छोटी लॅब आहे, एक रोटा (द्रावक उडवून टाकायचं यंत्र) आहे तो कधी चालतो कधी नाही. पण स्कॉलर मी जवळजवळ रोज उघडते, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गुगल स्कॉलर म्हणजे संशोधनाचे पेपर शोधायचं गुगलचं सर्च इंजिन. ही सेवा २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, उभी केली अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स व्हर्स्टाक यांनी, त्यातले आचार्य आपल्या आयआयटी खरगपूरचे. पूर्ण फुकट. संशोधकाचं स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे फोटो, पेपरची यादी, सायटेशनचा, म्हणजे दुसऱ्यांनी तुमच्या पेपरचे किती संदर्भ दिले त्याचा, तक्ता वगैरे, हे २०११ पासून आलं. त्याच २००४ साली एल्सविअर या प्रकाशकाचं स्कोपस निघालं, तीही अशीच सायटेशन मोजणारी सूची, पण पैसे भरून, आणि त्याच्याही आधीपासून वेब ऑफ सायन्स आहे, ज्याचं मूळ यूजीन गारफिल्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये. गारफिल्ड मुळात केमिस्ट्रीचे पदवीधर होते हे मला फार उशिरा कळलं आणि का कोण जाणे पण फार बरं वाटलं! कोणी कोणाचा संदर्भ दिला याची सूची करायची कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली ती मुख्यतः साहित्य शोधायला सोपं जावं म्हणून. आज ती बढतीच्या फॉर्ममध्ये वापरली जाते.

आता जे मला मनापासून आवडतं ते. प्रत्येक पेपरखाली 'साइटेड बाय' अशी निळी लिंक असते, तिच्यावर क्लिक केलं की तुमचा पेपर ज्यांनी ज्यांनी वापरला त्यांची यादी येते, आणि त्या यादीच्या वर एक छोटा चौकोन आहे, त्यात टिक केली की फक्त ह्याच यादीत शोधता येतं. हा चौकोन बहुतेकांना माहीतच नसतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात हाच दाखवते. माझा पीएचडीतला एक पेपर आहे, २०११ चा, अल्कोहोलवर बसवलेला टीबीएस ग्रुप (रेणूचा तो भाग तात्पुरता झाकून ठेवणारा) सौम्य परिस्थितीत काढायची पद्धत. साधं काम. सायटेशन २३. एके दिवशी त्या तेवीसच्या यादीत मी 'टोटल सिंथेसिस' (साध्या पदार्थांपासून अख्खा गुंतागुंतीचा रेणू बनवणं) टाकून शोधलं तर चार पेपर आले, आणि त्यातला एक जपानमधल्या लॅबचा, एक मोठा मॅक्रोलाइड (मोठ्या कड्याचा रेणू) बनवत होते, जवळजवळ तीसेक स्टेप्स, आणि शेवटून दुसऱ्या स्टेपला सगळे नेहमीचे अभिकर्मक फसल्यावर त्यांनी आमची पद्धत लावली होती. शेवटून दुसरी स्टेप म्हणजे हातात काही मिलिग्रॅम माल उरलेला असतो, वर्षं-दोन वर्षांचं काम एका फ्लास्कमध्ये असतं, तिथे माणूस कोणावरही भरवसा टाकत नाही. तिथे त्यांनी आमच्यावर टाकला. मी ते पान प्रिंट काढून गाईडच्या घरी घेऊन गेले होते. सर रिटायर झालेत, डोळ्याला त्रास आहे, मी वाचून दाखवलं, ते फक्त म्हणाले, "यिल्ड किती आलं गं त्यांना?" यिल्ड म्हणजे शेवटी किती टक्के माल हाती आला ते.

हे सगळं त्या एका लिंकमुळे कळलं, आणि फुकटात कळलं. तीन स्टार इथेच.

आता तो कोपरा. तिथे तीन ओळी असतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स, आणि खाली वर्षावार खांब. एच-इंडेक्स काढला होर्हे हिर्श यांनी, २००५ मध्ये, ते फिजिक्सवाले, सॅन दिएगोचे. अर्थ सोपा आहे, तुमचे नऊ पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान नऊ सायटेशन आहेत, तर तुमचा एच नऊ. माझा नऊच आहे. आय-टेन ही गुगलची स्वतःची भर, दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर किती ते मोजतात. एका मुलाखतीत, कुठल्या ते सांगत नाही, एका सदस्यांनी फोनवर माझं प्रोफाइल उघडून विचारलं होतं की तुमच्यानंतर लागलेल्या नॅनोमटेरियलवाल्यांचा एच एकवीस आणि तुमचा नऊच कसा. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, घसा कोरडा पडला होता. आज इथे देते.

पहिलं म्हणजे विषयाविषयात संदर्भ द्यायची रीत वेगळी. हिर्श यांनी स्वतःच त्या पेपरमध्ये लिहिलंय की जीवशास्त्रातले आकडे फिजिक्सपेक्षा बरेच मोठे असतात, म्हणजे ज्यानं मोजपट्टी केली त्यानेच सांगितलंय की सगळ्यांना एकच लावू नका. ऑर्गॅनिकमध्ये एका विद्यार्थ्याची चार-पाच वर्षं एका टोटल सिंथेसिसमध्ये जातात, शेवटी एक पेपर होतो, आणि तोच रेणू पुन्हा बनवायची गरज जगात फार थोड्यांना असते, मग सायटेशन येणार कुठून? पद्धतीच्या पेपरला त्याहून जास्त मिळतात, आणि सगळ्यात जास्त रिव्ह्यूला, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखाला. माझ्याच यादीत बघा, सर्वात वर आहे तो एक रिव्ह्यू, मी त्यात चौथी लेखक, माझ्या एकूण सायटेशनपैकी जवळपास निम्मे त्याचेच. त्यात माझं काम होतं तक्ते करणं आणि रचना काढणं. आणि ज्या पेपरसाठी मी उणे अठ्ठ्याहत्तर डिग्रीवर रात्र-रात्र कोरडा बर्फ घालत उभी होते तो यादीत तळाला आहे, चार सायटेशनसह.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना अजिबातच माहीत नसते. ऑर्गॅनिकच्या पेपरला एक भलीमोठी पुरवणी असते, सपोर्टिंग इन्फॉर्मेशन म्हणतात, शंभर-दोनशे पानांची, प्रयोगाची सगळी कृती, एनएमआरचे (रेणूची रचना तपासायच्या चाचणीचे) सगळे आलेख तिथे. आणि सुरुवातीचे पदार्थ 'अमुक यांच्या कृतीप्रमाणे बनवले' हा उल्लेख पण बऱ्याचदा तिथेच. वेब ऑफ सायन्स काय किंवा स्कोपस काय, फक्त पुरवणीत दिलेले संदर्भ सहसा मोजतच नाहीत, ते मुख्य पेपरच्या शेवटची यादी बघतात. म्हणजे तुमची कृती एखाद्याने शब्दशः वापरली, त्याचं काम झालं, त्याने प्रामाणिकपणे नावही लिहिलं, तरी तुमच्या खात्यात शून्य. माझ्या मते आमच्या शाखेचा खरा वापर इथेच लपलेला आहे आणि तो कुठल्याच कोपऱ्यात दिसत नाही.

तिसरं उदाहरण तर आमच्या रोजच्या जगण्यातलं. फ्लॅश कॉलम, म्हणजे मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा करायची सिलिका भरलेली नळी. जगातली कुठलीही सिंथेसिस लॅब घ्या, सकाळी कॉलम लावणं, टीएलसी मारणं (छोट्या पट्टीवर मिश्रणातले पदार्थ वेगळे करून बघणं), फ्रॅक्शन गोळा करणं हेच चाललेलं असतं. ही पद्धत कोलंबिया विद्यापीठातल्या क्लार्क स्टिल, कान आणि मित्रा यांनी १९७८ साली जर्नल ऑफ ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत छापली, पेपर फक्त तीन पानांचा. बारीक सिलिका घ्या, हवेचा दाब द्या, मिनिटाला दोन इंच वेगाने द्रावक खाली येऊ द्या, आणि हवा असलेला स्पॉट टीएलसीवर द्रावकाने कापलेल्या अंतराच्या ०.३५ पटीच्या आसपास येईल असं द्रावक निवडा. बस. त्याला हजारोंनी सायटेशन आहेतच, पण जितक्या वेळा ती पद्धत वापरली गेली त्याच्या पुढे ते काहीच नाहीत, कारण आता कोणी संदर्भ देतच नाही, नुसतं 'फ्लॅश क्रोमॅटोग्राफीने शुद्ध केला' लिहून पुढे जातात.

आणि आपल्या इथलं उदाहरण द्यायचं तर बेकर-वेंकटरामन पुनर्रचना, म्हणजे रेणूतला एक भाग जागा बदलतो ती अभिक्रिया. एमएस्सीच्या पोरांना ही पाठ असते, फ्लॅवोन (वनस्पतींत सापडणारी एक प्रकारची संयुगं) बनवायला वापरतात, परीक्षेत मेकॅनिझम येतोच येतो. त्यातले वेंकटरामन म्हणजे आपले के. वेंकटरामन, मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचे संचालक, आणि १९५७ पासून पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक. १९३३-३४ चं काम. ऑर्गॅनिकमध्ये याहून मोठा मान नाही की अभिक्रियेला तुमचं नाव लागावं, आणि गंमत अशी की नाव लागलं की सायटेशन आटतात, कारण लोक नाव लिहितात आणि मूळ पेपर यादीत घालत नाहीत. ते एक नाव चार पिढ्यांच्या वहीत लिहिलं गेलंय, त्याचा हिशोब कुठलं सॉफ्टवेअर करणार?

उलट बाजूही सांगते. २००८ मध्ये ग्योटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी आपल्या शेलेक्स नावाच्या क्रिस्टल स्ट्रक्चर सोडवायच्या प्रोग्रामचा इतिहास अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए मध्ये लिहिला, आणि त्यातच सुचवलं की प्रोग्राम वापरलात तर हा संदर्भ द्या. जगभर सगळे तोच प्रोग्राम वापरत होते, सगळ्यांनी दिला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) २००८ चा २.०५१ होता तो २००९ चा झाला ४९.९२६! एका पेपरमुळे. शेल्ड्रिक यांच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, त्यांच्या प्रोग्रामशिवाय माझ्या दोन पेपरमधली रचना सिद्धच झाली नसती. पण त्या वर्षी त्याच जर्नलमध्ये छापलेल्या बाकी लेखांमध्ये एका रात्रीत काय फरक पडला होता? काहीच नाही. तरी आकडा त्यांनाही लागला.

आता स्कॉलरमधल्या ठरलेल्या उणिवा. एक तर नावांचा गोंधळ, आणि हा आपल्या मराठी लोकांना जास्तच नडतो. एस. पाटील, ए. कुलकर्णी, व्ही. जोशी, पी. देशमुख, ह्या नावांनी शोधून बघा, केमिस्ट्रीपासून कापसाच्या किडीपर्यंत सगळं एका यादीत येतं. प्रोफाइलमध्ये 'आपोआप पेपर जोडा' चालू ठेवलं असेल तर दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर येऊन बसू शकतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की ह्याने मुद्दाम घातले. सेटिंगमध्ये जाऊन 'आधी मला विचारा' करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. बायकांचं तर अजून वेगळं, पीएचडीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या, किंवा मध्येच वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जाऊन नवऱ्याचं आलेलं. माझे पेपर असेच दोन तुकड्यांत होते. प्रोफाइलमधून जुन्या नावाने शोधून ते जोडता येतात, ते मी बसून जोडले. पण ज्यांनी प्रोफाइलच केलेलं नाही अशा कितीतरी मॅडम आहेत ज्यांचं अर्धं काम कोणाला दिसतच नाही. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) सोळा आकडी नंबर काढून ठेवा, २०१२ पासून आहे, फुकट आहे, नाव कितीही वेळा बदललं तरी नंबर तोच राहतो. एमएस्सीच्या मुलींना मी पहिला पेपर पाठवायच्या आधीच काढायला लावते.

दुसरं, स्कॉलर काय काय मोजतं यावर फारशी चाळणी नाही. प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच इंटरनेटवर टाकलेले पेपर), पुस्तकं, परिषदेतले लेख सगळं मोजतं, आणि ह्यातलं बरंचसं चांगलंच आहे कारण प्रबंधात झालेला वापर हाही वापरच. पण याचा गैरफायदा घेता येतो हे लोकांनी करूनच दाखवलंय. २०१० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी आईक अँटकेअर नावाचा खोटा संशोधक तयार केला, कॉम्प्युटरने बनवलेले शंभरेक निरर्थक पेपर एकमेकांना संदर्भ देत टाकले, आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ दिसायला लागला. २०२४ मध्ये पुन्हा दोघांनी लॅरी नावाच्या एका मांजराच्या नावावर खोटे पेपर अपलोड करून तेच सिद्ध केलं. म्हणजे चौदा वर्षांत ते भोक बुजलं नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात नुकसान होतं ते प्रामाणिकपणे काम करणाऱ्या पोरांचं. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वेगळे काढायची सोय स्कोपसमध्ये आहे, स्कॉलरच्या प्रोफाइलवर नाही. मागे घेतलेला पेपर यादीत असला तर तेही तिथे ठळकपणे कळेलच असं नाही.

तिकडे एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या, रँकिंगला स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सचे आकडे घेतात. आणि दरवर्षी कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतात ना, 'जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड', ती यादी पण स्कॉलरची नाही, ती स्टॅनफर्डच्या आयोनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या माहितीवरून केलेली. तिची एक गोष्ट मला पटते, ती विषय बारीक पाडते, १७४ उपशाखा आहेत आणि त्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्री वेगळी आहे, शिवाय तुम्ही एकटे लेखक, पहिले लेखक की शेवटचे याचाही विचार करते आणि स्वतःचे संदर्भ वगळूनही आकडे देते. निदान ऑर्गॅनिकवाल्याची तुलना ऑर्गॅनिकवाल्याशी होते. त्या मुलाखतीत मला हे माहीत हवं होतं.

केमिस्ट म्हणून अजून एक मोठी अडचण, इथे रचना काढून शोधता येत नाही. आम्ही रेणू चित्रात बघतो, नावात नाही. केमिस्ट्रीच्या खास, पैसे भरून वापरायच्या डेटाबेसांत, म्हणजे सायफाइंडर किंवा रिअ‍ॅक्सिसमध्ये षटकोन काढला, त्यावर ग्रुप लावले, बाण काढला, की ती अभिक्रिया आजवर कोणी कोणी केली ते समोर येतं. स्कॉलरमध्ये तुम्हाला नाव टाकावं लागतं आणि एकाच पदार्थाची चार नावं असतात. पण सायफाइंडर आमच्यासारख्या कॉलेजला परवडत नाही, तेव्हा चालवून घेतो. बाकी किरकोळ, संदर्भ कॉपी करायला पाच शैली आहेत त्यात अमेरिकन केमिकल सोसायटीची नाही, कुठल्याही शोधात हजारच्या पुढचे निकाल दिसत नाहीत, आणि भराभर क्लिक केलं की 'तुम्ही रोबो नाही ना' विचारतं. दुसऱ्या बाजूला पेपरच्या उजवीकडे पीडीएफची लिंक असली तर जीव भांड्यात पडतो. २०२५ च्या जानेवारीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारनेच जर्नल्सची वर्गणी भरायची योजना) सुरू झाल्यावर सरकारी संस्थांतल्या पोरांचे हाल कमी झालेत, पण त्यात न येणाऱ्या कॉलेजांना अजूनही ती उजवीकडची लिंकच आधार आहे.

तर दीड स्टार कापला तो असा, एक चाळणी नाही म्हणून आणि अर्धा रचना शोधता येत नाही म्हणून.

मागच्या महिन्यात एमएस्सी झालेली एक मुलगी आली, पीएचडीला कोणाकडे जावं विचारायला. फोन पुढे केला, "मॅडम, ह्या सरांचे चार हजार सायटेशन आहेत, ह्यांच्याकडेच जाऊ ना?" मी म्हटलं बस इथे, आपण बघू. आधी पेपरची यादी सायटेशनप्रमाणे न लावता वर्षाप्रमाणे लावली. गेल्या पाच वर्षांत काय केलंय ते बघ. मग प्रत्येकात पहिलं नाव कोणाचं ते बघ, ते विद्यार्थ्याचं असतं बहुतेक, त्या विद्यार्थ्याचे किती पेपर झाले, किती वर्षांत झाले, आता तो कुठे आहे. मग एक पद्धतीचा पेपर उघड, रिव्ह्यू नको, आणि 'साइटेड बाय' मध्ये जाऊन बघ की वापरणारे त्याच गटातले आहेत की बाहेरचे. शेवटी पुरवणी उघडून एनएमआर बघ, स्पेक्ट्रा स्वच्छ आहेत का, पदार्थ शुद्ध आहे का. दीड तास गेला. चार हजारांतले पावणेतीन हजार दोन जुन्या रिव्ह्यूंचे निघाले. दुसऱ्या एका मॅडमचे सायटेशन सहाशेच होते, पण दोन पद्धती होत्या ज्या बाहेरच्या लॅबमध्ये लोक वापरत होते, आणि सगळे विद्यार्थी पाच वर्षांत बाहेर पडलेले. तिने दोघांनाही मेल केलाय, बघू कुठे होतंय.

आणि प्रोफाइलवर 'फॉलो' दाबून नवीन सायटेशनचा अलर्ट लावून ठेवा, ईमेल येतो. परवाच मला आला, २०११ च्या पेपरचे २३ चे २४ झाले. उघडून बघितलं तर त्यांनी मेथनॉलमध्ये थोडं पाणी घातलंय, आम्ही जिवाचा आटापिटा करून कोरडं मेथनॉल वापरत होतो, आणि त्यांचं यिल्ड आमच्यापेक्षा सहा टक्क्यांनी जास्त आलंय. सोमवारी लॅबमध्ये तसं लावून बघणार आहे, आणि सरांना फोन करून सांगायचंय.